आवडीच्या मधाची चौकशी

बनुबाईंच्या घरातली मुलं पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसत. तीन मुलगे आणि मैना, चौघांपैकी एकानंही हा नियम कधी मोडला नव्हता. मुलगे मोठे झाले, दोघे मुंबईला गिरणीत लागले, मिशा आल्या, तरी गावी आल्यावर कोणी "काय रे, बरा हायस ना?" असं विचारलं की ते आधी आईच्या तोंडाकडे बघत, आणि तिनं मान हलवली तरच बरे असत. ह्याला वळण म्हणतात, असं बनुबाई सांगत. न विचारता सांगत, आणि शक्यतो अशा बाईला सांगत जिचं कार्टं नुकतंच कुणाच्या तरी आंब्यावर सापडलेलं असे.

त्यामुळे माघातल्या त्या दुपारी जे झालं त्याची सवय त्या घराच्या वाशांनासुद्धा नव्हती.

मैनाला बघायला महाडहून पाहुणे आले होते. मुलगा दत्ताराम महाडच्या कचेरीत कारकून. पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीच्या काठाकाठानं जी गावं आहेत त्यांत भातशेतीवाला जावई पैशाला पासरी मिळे. लेखणी धरणारा जावई अजून एकाही घरात आला नव्हता. त्यात मैनाला सोळावं सरत आलेलं. तेव्हा हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही असं बनुबाईंनी ठरवलं होतं, आणि बनुबाईंनी ठरवलं म्हणजे घरानं ठरवलं.

मुलाची आई आनंदीबाई, तिचा एक म्हातारा दीर आणि मध्यस्थ कुशाबा अशी तिघं ओटीवर बसली. मैना पाटावर येऊन बसली. तिचं नाव विचारलं, ते बनुबाईंनी सांगितलं. शिवण येतं का विचारलं, तेही बनुबाईंनी सांगितलं. स्वभाव कसा आहे असं दिरानं विचारलं, त्यावर बनुबाई बराच वेळ बोलल्या. मैना खाली बघत राहिली. आनंदीबाईंचा चेहरा तसा समाधानी दिसत होता. लाडवांची परात मधे होती, चहा आला होता, आणि कुशाबा "मग काय, तारीख काढायची म्हणता?" असं म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात खांबाआडून आवाज आला.

"आजी, ह्या म्हातारीनं तीन लाडू वच्यात बांधलं. चवथा बांधाय घेतला तो फुटला."

ही आवडी. गावी शेती बघणाऱ्या थोरल्या मालोजीची मुलगी, वय वर्षं सहा.

आनंदीबाई उठल्या. उठताना लुगड्याच्या ओच्यातला एक लाडू निसटला आणि घरंगळत थेट कुशाबाच्या पायाशी जाऊन थांबला. अशा वेळी मध्यस्थानं काय करायचं असतं हे कुशाबाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं तो खाल्ला.

पाहुणे गेल्यावर बनुबाईंनी नातीला समोर उभं केलं. "कार्टे, पाहुण्यांसमोर बोललीस?"

"तूच म्हणालीस ना," आवडी म्हणाली, "लाडवांवर डोळा ठेव, कोन किती उचलतो मला सांग म्हणून."

हे खरं होतं. बनुबाई म्हणाल्या होत्या. पण ते घरातल्यांसाठी होतं. घरातलं आणि बाहेरचं ह्यातला फरक सहा वर्षांच्या पोरीला कळू नये म्हणजे काय? मैनाला चौथ्या वर्षी कळत होता. बनुबाईंनी सुनेकडे बघितलं. तुळसा चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि तिची पाठ हलत होती. रडत असावी, असं बनुबाईंनी धरलं. सून हसत असेल तर तिला काय शिक्षा करायची हे त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं, तेव्हा रडत असलेलीच बरी.

तिसऱ्या दिवशी कुशाबा आला. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. निरोप वाईट असला की मध्यस्थ पायरीवर बसतो.

"वैनी," तो म्हणाला, "आनंदीबाईंनी एक कोडं घातलंय. त्या म्हनतात, पोर अशी निपजली ती एक तर रक्तानं, नाय तर वळणानं. रक्तानं म्हनाल, तर त्याच रक्ताची मुलगी आमच्या घरात येनार आनि उद्या आमची नातवंडं तशी होनार. वळणानं म्हनाल, तर त्या घरात वळण लावनारी बाय एकच. तिनंच मैनालाही लावलं. तेव्हा काय ते सांगा. छबिन्यापर्यंत वाट बघतो, नाय तर बिरवाडीची एक मुलगी हाय."

छबिना म्हणजे महाडला विरेश्वराच्या देवळात शिवरात्रीनंतर भरणारी जत्रा. तिला अठरा दिवस होते.

बनुबाईंनी कोडं एकदा ह्या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं. रक्त म्हणावं तर त्यांचं. वळण म्हणावं तर त्यांचंच. वळणाचा तर त्यांनी पस्तीस वर्षं गावभर डंका पिटलेला. आता ते दुसऱ्या कुणाचं आहे असं म्हणायची सोय नव्हती. "आणि मैना? ती त्याच रक्ताची, त्याच वळणाची. ती कधी बोलली?" त्यांनी विचारलं. कुशाबा म्हणाला, की त्याला निरोप द्यायला सांगितलंय, वाद घालायला नाही, आणि तो गेला. जाताना लाडवाचं विचारलं नाही एवढी त्याला लाज होती.

आता करायचं एकच. छबिन्यापर्यंत पोर सुधारायची आणि आनंदीबाईंना बोलावून दाखवायची. काम अगदी लहान होतं. एवढ्याशा पोरीचं तोंड बंद करायचं. ज्या बाईनं तीन मुलगे, एक सून आणि दोन गडी गप्प केले तिला ह्याला किती वेळ लागणार?

शेजारची चंद्रभागा लगेच आली. सल्ला द्यायला ती इतक्या लगबगीनं आली की हाताचं पीठसुद्धा पुसलं नव्हतं.

"वन्सं, हे सगळं संगतीचं हाय," ती म्हणाली. "माझा पांडू बघा. सात वर्षांचा झाला, बोलतो का? पावन्यांनी चिमटा काढला तरी बोलत नाय. चार दिस आवडीला त्याच्याजवळ बसवा. पोरं पोरांचंच घेतात. आपन घसा फोडतो तो फुकट."

पांडू खरोखरच बोलत नसे. पोर मुकं आहे असं काही लोक म्हणत, पण चंद्रभागा त्याला सालस म्हणे. बनुबाईंना हा उपाय पटला. दुसऱ्या दिवसापासून आवडीला सकाळी चंद्रभागेच्या ओटीवर पांडूशेजारी बसवलं आणि बजावलं, "हा करतो तसं कर." पहिल्या दिवशी दोघं गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही गप्प बसली. तिसऱ्या दिवशी बनुबाई गावभर सांगत सुटल्या, की मूल म्हणजे ओली माती, फक्त हात पाहिजे.

चौथ्या दिवशी चंद्रभागेकडे तिचा थोरला दीर जेवायला आला. जेवण होऊन सुपारी कातरत असताना पांडू, ज्याचा आवाज त्याच्या सख्ख्या बापानं नीट ऐकलेला नव्हता, तो खणखणीत म्हणाला, "मोठं बाबा, तुमी गेलात ना, की आई म्हनते टळलं एकदाचं."

तासाभरात चंद्रभागा बनुबाईंच्या अंगणात होती. ह्या खेपेला हाताला पीठ नव्हतं, पदर खोचलेला होता.

"माझं मुकं लेकरू बिघडवलंत," ती म्हणाली.

"मुकं होतं ते बोलाय लागलं," बनुबाई म्हणाल्या. "नवस फेडायचा सोडून भांडाय काय येतेस? आनि बोललं ते खोटं बोललं का?"

चंद्रभागेनं सगळा राग एका वाक्यात काढला. "मधाचं बोट कुनी चाटवलं होतं ह्या आवडीला, ते बघा आधी. त्या बोटाचा गुन लागलाय." आणि ती तरातरा निघून गेली.

बनुबाई भांडणाच्या पवित्र्यात होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच ओटीवर टेकल्या.

मध.

मूल जन्मलं की अंगावर पाजायच्या आधी त्याला मध चाटवतात. आणि जी बाई चाटवते तिचा स्वभाव मुलात उतरतो, हे तर पोलादपूरपासून महाडपर्यंत कुणालाही विचारा. शांत बाई बघून तिच्याकडून चाटवतात ते काय उगीच? आवडी जन्मली ती आजोळी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. आजोळ म्हणजे वरचा कोंड, डोंगरातली छोटी वस्ती, आणि तिथली बाई म्हणजे तुळसेची आई साळूबाई. साळूबाईचं तोंड तर तालुक्याला माहीत. आनंदीबाईंच्या कोड्याला दोनच दारं होती, रक्त आणि वळण, आणि दोन्ही बनुबाईंच्या अंगावर उघडत होती. पण हे तिसरं दार निघालं, आणि ते सरळ साळूबाईच्या अंगणात उघडत होतं. बनुबाईंना त्या दिवशी भूक चांगली लागली.

आता प्रश्न पुराव्याचा. आनंदीबाईंच्या घरी कचेरीतला मुलगा. तोंडी सांगून भागणार नव्हतं. बनुबाईंना वाचता येत होतं ते स्वतःचं नाव आणि देवळावरचं "श्री", पण सरकार जन्माची नोंद ठेवतं हे त्यांना माहीत होतं. आवडी झाली तेव्हा वरच्या कोंडाच्या पाटलानं वहीत काहीतरी लिहून घेतलं होतं आणि ते कागद पुढे महाडला जातात असं म्हणाला होता. तेव्हा मध कोणी चाटवला तेही लिहिलं असणारच. जन्माच्या वेळी ह्याहून महत्त्वाचं दुसरं काय घडतं?

"पण आत्या, कचेरीत ते दत्तारामभावजी असतील ना?" तुळसेनं हळूच विचारलं.

"ह्या आठवड्यात अलिबागेला गेलाय. कुशाबानं सांगितलं," बनुबाई म्हणाल्या. "आनि त्याला भावजी म्हनायची घाई नको. आधी ठरू दे."

मालोजीनं गाडी जुंपली. वाटेत दोनदा त्यानं "आई, पण" असं म्हटलं आणि दोन्ही वेळा बनुबाईंनी त्याला बैलांकडे बघायला सांगितलं. महाडात शिरल्यावर चवदार तळ्याच्या अंगानं गाडी काढली आणि मालोजीला बैलांपाशी ठेवून बनुबाई एकट्याच कचेरीची पायरी चढल्या. आत एक लांबलचक टेबल, त्यावर कागदांचा डोंगर, आणि डोंगरापलीकडे एक तरुण कारकून. त्याचे कान तेवढे वरून दिसत होते.

"जन्माची नोंद पाहिजे," बनुबाई म्हणाल्या.

"अर्ज आणलाय?"

"मी आलेय."

"अर्ज लागतो, आजी."

"अर्ज कशाला? अर्जाला तोंड नाय. मला हाय. विचार काय ते."

कारकुनानं मान वर केली. थोडा वेळ बघत राहिला. मग उठला, स्वतःचं स्टूल उचलून पलीकडे नेऊन ठेवलं, बसा म्हणाला आणि गाव, साल, बापाचं नाव विचारून वरच्या कोंडाचे कागद शोधायला गेला. बनुबाईंना हे वागणं बरं वाटलं, पण तसं दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "स्टूल डुगडुगतंय," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं तो एक पिवळा कागद घेऊन आला. "हे बघा. बापाचं नाव मालोजी. आईचं नाव तुळसा. जात, गाव, तारीख. खबर देणार, आईचा बाप."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"मध?"

"काय?"

"मध कुनी चाटवला?"

कारकुनानं कागद उलटून बघितला, हे त्याचं कौतुकच. "आजी, मधाचा रकाना नसतो."

"जात लिवायला रकाना हाय, मधाला नाय? जात काय सगळ्या गावाला ठाऊक असते. जे ठाऊक नाय ते लिवून ठेवायचं सोडून जे ठाऊक हाय ते लिवता, आनि ह्याला राज्य करनं म्हनता."

"हे बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. मग कागदाजवळ डोळे नेऊन बघू लागला. "पण आजी, एक घोटाळा आहे. इथं मुलगा लिहिलंय."

"कोन मुलगा?"

"तुमची आवडी. तिथल्या पाटलानं मुलगा म्हणून नोंद केली आहे. दुरुस्त करायचं तर अर्ज, दोन साक्षीदार, पाटलाचा जबाब, आणि मग तो कागद वर जाणार. तोवर सरकारच्या दफ्तरी ह्या घरात मुलगी जन्मलेलीच नाही. तेव्हा ती काही बोलली असेल, तर ते कोणी बोललंच नाही असं धरायला हरकत नाही." आणि तो हसला.

बनुबाई उठून उभ्या राहिल्या. ती बोलली हे ह्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न त्यांच्या मनात यायला हवा होता. पण त्या क्षणी त्यांना एवढंच दिसत होतं, की इतक्या लांब गाडी हाकत आलो, आणि नातीचा मध तर नाहीच, नात पण गेली.

"तुला आईनं वळण काय लावलं रे?" त्या म्हणाल्या. "म्हातारीला बसाय देतोस, कागद शोधून आनतोस, आनि मग हसतोस. अर्धं चांगलं, अर्धं वाईट. अर्धं आईचं, अर्धं बापाचं असेल."

"हसणं कुणाचं ते मलाही ठाऊक नाही," कारकून म्हणाला, आणि पाणी विसरलोच म्हणून तांब्या आणायला धावला. बनुबाई पाणी न पिता उतरल्या. मानी माणसानं तहान लागलेली असताना पाणी नाकारणं ह्यात जे सुख असतं ते पहिल्या पन्नास पावलांपर्यंतच टिकतं, हे त्यांना वाटेत कळलं.

आता राहिली साळूबाई. कागद नाही तर माणूस. साळूबाईला स्वतः चार जणांत कबूल करायला लावायचं, की बोट तिचं होतं. परतीच्या वाटेवर घरी न थांबता गाडी पुढे काढली आणि डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडून बनुबाई वरच्या कोंडाकडे चढू लागल्या. चढ असा, की वर पोहोचल्यावर माणूस भांडायच्या लायकीचा राहत नाही. साळूबाईला हे माहीत होतं. ती वरून सगळं बघत अंगणात नाचणी पाखडत बसली होती.

"या विहीणबाई. बसा. दम घ्या. मग भांडू," साळूबाई म्हणाली.

बनुबाईंनी दम घेतला, सगळं सांगितलं. कोडं, मध, बोट. "तेव्हा तुमी येऊन सांगायचं, की मध मी चाटवला. पोरीचं लगीन हाय, साळूबाई. मैना काय माझ्या एकटीची हाय? तुमच्या लेकीची नणंद हाय. ती घरात बसली तर तुमच्या लेकीच्याच डोक्यावर बसेल."

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. "चाटवला मीच."

बनुबाईंच्या अंगातून सगळा डोंगर उतरला.

"बोट लावलं नाय पन," साळूबाई म्हणाली. "सोन्यानं चाटवतात. आनि सोनं होतं कुठं माझ्यापाशी? तुमीच नव्हती का अंगठी धाडलीत, गड्याच्या हातून? मालोजीच्या बापानं तुम्हाला घातलेली ती. आनि सांगून धाडलंत, की पोर तुमच्या घरात होईल ती होईल, पन गुन ह्या घरचा लागला पायजे, म्हनून ह्याच अंगठीनं चाटवा. अख्खा कोंड साक्षीला हाय. मी धरली तेवढी."

बनुबाईंनी डाव्या हाताकडे बघितलं. अंगठी तिथंच होती. त्यांना हे आठवत नव्हतं असं नाही. साळूबाई विसरली असेल अशी त्यांना आशा होती.

"धरनारीचा लागतो का सोन्याचा लागतो?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"तो वाद तुमच्या कारकुनाच्या आईशी घाला," साळूबाई म्हणाली आणि ताकाचा गडू पुढे केला. "माझ्याकडून गेला असता ना गुन, तर पोरगी लाडू फुटायच्या आधीच बोलली असती."

छबिना उरला तीन दिवसांवर, आणि कुशाबाचा निरोप आला, की आनंदीबाई स्वतः येत आहेत. घरात झाडलोट झाली. आवडीला चंद्रभागेकडे पाठवायचं ठरलं, पण चंद्रभागेनं दाराला आतून कडी घातली. शेवटी आवडीला आजीच्या मांडीला चिकटून बसवलं आणि तिच्या तोंडात खडीसाखरेचा असा खडा दिला, की तो विरघळेपर्यंत पाहुणे निघून जावेत.

आनंदीबाई आल्या. मागून कुशाबा आला. आणि त्याच्या मागून एक तरुण चपला काढत वाकला. त्याचे कान बघितले आणि बनुबाईंना पायाखालची जमीन डुगडुगते आहे असं वाटलं. कारकून वर बघून ओळखीचं हसला.

"हा दत्ताराम," कुशाबा म्हणाला. "अलिबागेला जायचा होता, पन गेला नाय."

बनुबाईंनी नंतर मोजून बघितलं, की आपण ह्या मुलाला काय काय म्हणालो. अर्धं चांगलं, अर्धं वाईट. त्याच्या आईचं वळण. बापाचं रक्त. आता राहिलं काय होतं? स्थळ तर गेलंच. आणि गेलेल्या स्थळापुढे वाकणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला.

"आनंदीबाई, तुमच्या कोड्याचं उत्तर ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "रक्त माझं. वळण माझं. मधाची चौकशी करून आले, तोही माझ्याच अंगठीचा निघाला. ह्या तिन्हींशिवाय चौथं काय असलं, तर तेही माझंच धरा. पोरीनं जे बघितलं ते सांगितलं. मीच तिला बघाय बसवली होती. आता बिरवाडीला जायचं तर चहा घेऊन जा."

कुशाबा दाराच्या दिशेनं थोडा सरकला.

आनंदीबाईंनी आधी त्याला हातानं खाली बसवलं. लाडवांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि पुढेही कधी काढला नाही. मग म्हणाल्या, "माझ्या घरात दोन सुना हायत. दोघी चांगल्या. काय विचारा, होय आई म्हनतात. गेल्या संकष्टीला मी पेठेतून फिरून देवळात गेले, तिथं तासभर बसले, तिथून पुतणीकडं हळदीकुंकवाला गेले. घरी येऊन बघते तर लुगड्याच्या पाठीवर शेणाचा पंजा. पाची बोटं. सकाळी निघताना दोघी सुना दारात उभ्या होत्या. मी विचारलं, नीट दिसतंय ना? होय आई."

तुळसेची पाठ आतल्या दारात पुन्हा हलू लागली.

"त्या दिवशी मी रागानं निरोप धाडला, हे खरं," आनंदीबाई पुढे म्हणाल्या. "मग दत्तानं कचेरीतलं सांगितलं, आनि दोन दिस तो एकटाच हसत होता. माझ्या घरात हसनारं दुसरं कोन नाय. तेव्हा मी विचार केला, की घरात एक तरी तोंड असलेली पायजे. पन मग तुमची मैना माझ्या डोळ्यापुढं येते. एवढं रक्त, एवढं वळण. तरी मुलगी गप्प. मला तिसरी होय आई नको, बनुबाई. ही पोर बोलते, आनि ती बोलत नाय. हे कसं काय, तेवढं मला सांगा, मग मी तारीख सांगते."

ह्याचं उत्तर बनुबाईंना येत होतं. मैना गुणी आहे, मैना मर्यादशील आहे, तोंड असून नसल्यासारखी आहे. पण हे सगळं आता उलटंच पडणार, हे त्यांच्या ध्यानात आलं, म्हणून त्यांनी पोरीचा कैवार दुसऱ्या बाजूनं घ्यायचं ठरवलं. "तसं काय नाय हो. मैना बोलते. एकदा बोलाय लागली ना, की—"

"आई, तू जरा थांब."

आवाज मधल्या दारातून आला. आवाज बनुबाईंचाच होता, फक्त सोळा वर्षांचा. मैना उंबऱ्यावर उभी होती. मान खाली नव्हती.

"मी बोलत नाय असं नाय," ती आनंदीबाईंकडे बघून म्हणाली. "ह्या घरात बोलायची पाळी येत नाय. मी तोंड उघडते तोवर आईचं बोलून झालेलं असतं, माझ्या वाटचंसुद्धा. दादांना विचारा. ते मुंबईला गेले ते काय गिरणीसाठी? आवडीला जमतं कारन ती पाळीची वाट बघत नाय."

मालोजीनं खाली मान घातली, पण ती होकारासाठी.

"आनि तुमाला आधीच विचारते," मैना म्हणाली, "तुमी पन आईसारख्याच बोलत असाल तर सांगून ठेवा. म्हनजे मी पहाटे उठून दळायला बसले, की माझं सगळं तेव्हाच बोलून घेत जाईन."

दत्ताराम भिंतीकडे तोंड करून हसू लागला. त्याचे कान लाल झाले. आवडीनं तोंडातला खडीसाखरेचा खडा काढून हातात घेतला, म्हणजे काहीतरी बोलायची तयारी केली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही म्हणून तो पुन्हा तोंडात घातला.

आनंदीबाईंनी मैनाला जवळ बोलावलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बघ गो, मागून माझं लुगडं कसंय?" मैनानं वाकून बघितलं आणि म्हणाली, "बरं हाय, पन निऱ्या वर गेल्यात." आनंदीबाईंनी निऱ्या खाली ओढल्या आणि कुशाबाला म्हणाल्या, "छबिना झाला की दुसरा दिवस चांगला हाय का, ते भटजीला विचार."

बनुबाई बोलायला गेल्या. अशा वेळी मुलीच्या आईनं चार शब्द बोलायचे असतात, आणि त्यांच्यापाशी तर चारशे तयार होते. पण त्यांतला पहिला निवडता निवडता त्या थांबल्या. त्यांनी मैनाकडे बघितलं. नाक वर, हात कमरेवर, ओटीवर अशी उभी जणू घर तिचंच. ही मुलगी सोळा वर्षं ह्या घरात होती, आणि आपल्याला तिचा पत्ता नव्हता.

त्या उठल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द न बोलता आत चहा टाकायला गेल्या. तुळसेला वाटलं, आत्यांना बरं वाटत नाही.